लाल पडलेले पापड

चांगुणाला मी ज्या कारणासाठी केंद्रातून हाकललं, ते कारण बरोबर दोन वर्षांनी माझ्याच लुगड्याला लागलं. तेही भर कामात, बावीस बायकांच्या मध्ये, हात मनगटापर्यंत उडदाच्या पिठात असताना.

असल्या गोष्टी आमच्यात बोलत नाहीत, लिहिणं तर लांबच. पण मी मराठी सातवी पास आहे आणि मनात ठेवून ठेवून माझी झोप गेली आहे. झोप तशीही हल्ली येत नाहीच, तेव्हा लिहून टाकते.

बेलापूरच्या महिला मंडळाचं पापड केंद्र मी नऊ वर्षं चालवते. जुन्या धर्मशाळेच्या मागे मोठा ओटा आहे, वर पत्रे, बाजूला दोन खोल्या, एवढंच ते केंद्र. नवरा गेला तेव्हा मी तिशी ओलांडलेली, पदरात पोर नाही. पुढे मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी मला इथं आणून बसवलं, आणि मी अशी बसले की उठवायची कुणाची छाती झाली नाही. बायका मला तोंडावर 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'फौजदारीण'. मला दोन्ही आवडायचं.

आमचे पापड नगरला एका व्यापाऱ्याकडे जातात. त्याच्या पुड्यावर तांबड्या शाईत छापलेलं असतं, 'सोवळ्यातले पापड'. ही अक्कल माझी. पाळी आलेल्या बाईची सावली ओल्या पापडावर पडली तरी तो तळताना लाल पडतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून केंद्राचा नियम असा की कावळा शिवला की चार दिवस पायरी चढायची नाही. रोज बुडाला तर बुडाला. आणि या चार दिवसांशिवाय दुसरी सुट्टी नाही, मग घरात कुणी मरो की जन्मो.

बावीस जणींच्या तारखा मला तोंडपाठ होत्या. कागदावर एक अक्षर नाही. रंगुबाई पुनवेला, मुक्ताबाई अवसेला, असं सगळं डोक्यात. त्यावरून कुटायला कोण, लाट्या पाडायला कोण, लाटायला कोण, हे मी महिनाभर आधी ठरवायची. एखादी येऊन 'बाई, उद्यापासून मी बाहेर' म्हणायच्या आत मीच म्हणायची, "रंगे, उद्या येऊ नको." बायका चाट पडायच्या. या गोष्टीचा मला इतका गर्व होता की आत्ता लिहिताना स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

एकाहत्तरच्या माघात एक अख्खा घाणा लाल पडला.

आदल्या दिवशीच्या मालातला एक पापड रोज सकाळी मी तळून बघते. त्या दिवशी कढईत टाकला तो विटेसारखा वर आला. दुसरा टाकला, तोही तसाच. तोंडात घातला तर कडूजहर. माझ्या डोळ्यांपुढे नगरचा व्यापारी उभा राहिला. मी ओट्यावर आले आणि एकेकीला निरखायला लागले. चांगुणा पीठ कुटायला बसली होती. पारनेरकडची पोर, चोविशीतली, अंगानं दणकट, तिच्या हातचं पीठ लोण्यासारखं व्हायचं. ती मुसळ ठेवून पाणी प्यायला उठली आणि तिच्या लुगड्यावर मागं डाग दिसला.

"बाई, माझं ऐका तर," ती म्हणाली.

"काय ऐकू? तुझी पाळी एकादशीला. आज चवथ हाय. गेल्या महिन्यात एकादशीलाच बसली व्हतीस तू बाहेर, माझ्या ध्यानात हाय. म्हंजी खोटी तारीख सांगून काल बी बाटवलंस आन आज बी बाटवतीस."

"बाई, तसं न्हाई..."

मी तिला बोलू दिलं नाही. शेणाचं पाणी आणायला लावलं आणि सगळ्या बायकांसमोर तिच्याकडून ओटा धुऊन घेतला. एकदा नाही, तीनदा. ती गुडघ्यावर बसून धूत होती, मध्येच थांबून ओट्याच्या कडेला धरत होती. मी म्हटलं, नाटकं बंद कर. तिसरी बादली झाल्यावर तिला पायरी उतरायला सांगितलं. ती गेली. महिन्याभरात नवराबायको बेलापूर सोडून पारनेरकडे, त्याच्या गावाला गेल्याचं कळलं. मला वाईट वाटलं नाही. असं वागल्याशिवाय बावीस बायका हाताखाली राहत नाहीत, असं माझं पक्कं मत होतं.

आता माझं सांगते.

त्याच वर्षी माझी झोप उडायला लागली. अंगातून एकदम वाफा निघायच्या, मानेवर घाम, कानशिलं तापलेली, आणि दोन घटकांनी हुडहुडी. डोकं असं तापायचं की एकीच्या हातातून लाटणं निसटलं म्हणून मी तिला रडवलं होतं. पाळी कधी दीड महिन्यानं, कधी दोन. पुढे तीन महिने आलीच नाही. मनात म्हटलं, सुटले. पण ही सुटका कुणाला सांगायची सोय नव्हती. विधवा बाई बाहेर बसायची थांबली की गाव बोटांवर महिने मोजायला लागतं. म्हणून दर महिन्याला माझ्या ठरलेल्या तिथीला चार दिवस मी घरी बसायचीच. काही नसताना बसायची. फौजदारीण स्वतः नियम पाळते म्हणून बायकांत माझा मान वाढायचा.

आणि मग यंदा, त्र्याहत्तरच्या माघात, भर ओट्यावर ते झालं. दुष्काळानं कामाला बायका रोज दारात उभ्या, नगरची मागणीही मोठी, आणि कुटणारी एक जण आली नव्हती म्हणून मी स्वतः पीठ मळायला बसले होते. आधी ती ओळखीची वाफ आली. मग पोटात कळ, आणि मग मांडीवरून ऊन ऊन काहीतरी खाली आलं. थेंब दोन थेंब नाही. मी खाली पाहिलंच नाही. मला कळलं होतं. हात पिठात तसेच.

गोजरबाईनं पाहिलं. ही आमच्यातली सगळ्यात जुनी, साठी उलटलेली, पापडखाराचं पाणी उकळायच्या चुलीपाशी असते. एकटी असली की मला 'मालन' म्हणते, बाकीच्यांसमोर 'बाई'. तिनं उडदाचं रिकामं पोतं उचललं, माझ्या पाठीमागे येऊन कमरेला गुंडाळलं आणि मोठ्यानं म्हणाली, "बाईला हुडहुडी भरली गं. बाई, चला आत." आणि कानाशी म्हणाली, "उठ. मी हाय मागं."

खोलीत जाऊन मी भिंतीला टेकले. बाहेर माझ्या हातानं मळलेलं पीठ दुसरी कुणी कुटायला घेतल्याचा आवाज येत होता. धप, धप. नियम सांगत होता की ओरड, ते पीठ गायीपुढं टाका, ओटा धुवा. मी ओरडले नाही. चांगुणाला तीन बादल्या धुवायला लावणारी मी, तोंड मिटून बसले आणि त्या पिठाचे पापड होऊ दिले.

दुपारी मिशनच्या दवाखान्यात दीनाबाई नर्सकडे गेले. माणूस फटकळ पण हात हलका. तपासलं, सुई दिली, गोळ्या दिल्या.

"पाळी जायचं वय आहे, मालनबाई. ही बया सरळ दारातून जात नाही. तीन महिने रुसते आणि मग पूर आल्यासारखी येते. झोप लागते का? घाम येतो? विसरायला होतं का?"

"मी काही विसरत नाही," मी म्हटलं. "बावीस जणींच्या तारखा पाठ आहेत मला. सत्तेचाळीस वय माझं, पण डोकं शाबूत आहे."

"वय तुम्ही मला तिसऱ्यांदा सांगताय."

मला एकदाच सांगितल्याचं आठवत होतं.

"आणखी एक," हात धुता धुता ती म्हणाली, "पुन्हा असं गेलं तर घरी बसू नका, इकडे या. बाईच्या अंगावरून जातं ते दर वेळी पाळीचंच असतं असं नाही. कधी गाठ असते, कधी पोट पडलेलं असतं. तुम्हा लोकांना एकच रक्त ठाऊक."

दवाखान्यातून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच तिथी फिरत होती. चांगुणाची एकादशी. त्या डागाच्या आधीच्या महिन्यातली एकादशी मला आठवत होती, त्याच्या आदल्या महिन्यातलीही. मग चवथीला डाग कशाचा? दोन वर्षं मी उत्तर धरून बसले होते की पोरगी खोटारडी. आता स्वतःच्या अंगावरून भलत्याच तिथीला पूर गेल्यावर ते उत्तर हातातून सुटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दीनाबाईचं न ऐकता मी केंद्रात गेले. कढई चढवली. कालच्या घाण्यातला, माझ्या हातानं मळलेल्या पिठाचा पापड तेलात सोडला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा तो फुलून वर आला होता. पांढरा. मी दुसरा टाकला, मग तिसरा. एकामागून एक सात तळले. सातही पांढरे, खुसखुशीत, नेहमीसारखे. पांढरा पापड बघून कुणी घाबरल्याचं मी कधी ऐकलं नाही, पण मी घाबरले. सावली पडली तरी लाल पडतो म्हणतात. इथं तर मी त्या पिठात बसलेच होते.

गोजरबाई चुलीपाशी होती. मी विचारलं, "हे लाल का पडले न्हाईत?"

तिनं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "रागावनार न्हाईस?"

"सांग."

"ते त्या बारीला बी इटाळानं लाल न्हवतं पडलं, मालन. त्या घान्याला खार तू दोनदा घातला हुता."

पापडखाराचा डबा माझ्या कुलपात असतो. किती घालायचा ते माप माझ्या मुठीत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. खार जास्त झाला की पापड लाल पडतो आणि कडू होतो, हे मी बायकांना स्वतः शिकवलेलं. तेच मी गोजरबाईच्या तोंडून वेड्यासारखी ऐकत होते.

"सकाळी घातलास. मंग तो उडीदवाला आला, त्याच्यासंगं तुझी भांडनं झाली. भांडून आलीस आन डबा उघडून पुन्यांदा घातलास. मी हितंच उभी हुते."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुनाला?" ती म्हणाली. "तुला?"

एवढंच म्हणाली. माझ्या तोंडात सातव्या पापडाचा तुकडा तसाच राहिला.

"आन दुसऱ्या दिशी चांगुणीला तू धुवाया लावलंस, तवा बी मी गप ऱ्हाले. माझं बी पोट हाय बाई ह्या चुलीवर. पर तवापासनं मी डब्याजवळनं हलत न्हाई. पाच-सहा बाऱ्या तू पुन्यांदा डबा उघडलास. मी काय तरी इचारून तुला बोलन्यात गुतवलं आन झाकन लावलं."

मला आठवत होतं. गोजरबाई भलत्या वेळी भलतंच विचारते म्हणून मी तिला म्हातारचळ लागला म्हणायची. दोन वर्षं ही म्हातारी माझी चूक माझ्यापासून लपवत होती, कारण मला चूक सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

तिसऱ्या दिवशी मी एसटीत बसले. नगरला गाडी बदलून पारनेर, आणि तिथून तीन मैल पायी. सगळीकडे उजाड. चांगुणाचं गाव विचारत गेले तर कळलं की सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर आहे. मनात मी वाक्य जुळवत होते. 'चांगुणा, झालं गेलं विसर, परत ये, तुझी जागा तुला देते.' वाक्यात देणारी मीच होते, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

बांधाच्या पलीकडे पंधरा-वीस बायकांची टोळी खडी फोडत होती. मधोमध चांगुणा, डोक्याला फडकं, हातात हातोडी. वाळली होती. ती टोळीची मुकादमीण आहे, हे मला रस्त्यातच एकीनं सांगितलं होतं. बाभळीच्या सावलीत एक बाई गुडघे पोटाशी घेऊन आडवी झाली होती, आणि दोघीजणी आपली फोडलेली खडी तिच्या ढिगावर टाकत होत्या.

"बाई? तुमी? हितं?" चांगुणा उभी राहिली.

मी बाभळीकडे बोट केलं. "तिला काय झालंय?"

"म्या इचारलं न्हाई. बसते म्हनली, बस म्हनलं. तिची खडी आमी भरतो. उद्या माझी ती भरंल."

"पाळी असंल का ताप? का नुसता कंटाळा?"

"असंल काय बी," चांगुणा म्हणाली. "इचारलं की मानूस खोटं सांगतं."

तेवढ्यात मला ती वाफ आली. ऊन, चाललेलं अंतर, आणि दोन दिवसांचं गेलेलं रक्त. डोळ्यांपुढे काजवे चमकले. चांगुणानं माझा दंड धरला आणि बाभळीपाशी नेलं. "बसा," म्हणाली. त्या दुसऱ्या बाईला जशी म्हणाली असेल तशीच. गाडग्यातलं पाणी दिलं आणि मी प्याले. जिला मी पायरी उतरायला लावलं तिच्या हातचं पाणी मी घटाघटा प्याले.

मग सांगितलं. "तो घाणा माझ्यामुळं लाल पडला, चांगुणा. खार मी दोनदा घातला व्हता."

"ठावं हाय मला. गोजरमावशी त्याच सांजंला घरी येऊन रडून गेली."

"तुला ठावं व्हतं?"

"ठावं आसून काय करनार? तुमी ऐकलं आसतं?"

नको ते विचारायचं होतं, पण त्यासाठीच एवढ्या लांब आले होते. "आन डाग? तुझी एकादशी व्हती. महिन्याआधी तू बरोबर एकादशीला बाहेर बसली व्हतीस."

ती हातोडीचा दांडा चाचपत राहिली. "खोटं बसले हुते. दोन म्हैने खोटंच बसले. मला दिवस गेल्ते, बाई. लगीन होऊन पाच वर्सांनी. तुमी पोटुशी बाईला कुटाया ठेवीत न्हवता, घरी बसवीत हुता. म्हनलं अजून म्हैनाभर कुटावं, मंग सांगावं."

बाभळीखालची बाई कूस बदलून आमच्याकडे बघत होती. मला वाटलं चांगुणा तिच्यासमोर पुढचं बोलणार नाही. ती बोलली, आवाज न चढवता.

"सकाळपासनं कळा मारत हुत्या. म्या सांगनारच हुते, 'माझं ऐका' म्हनले बी. तुमी शेनाचं पानी आनाया लावलं. पयल्या बादलीला काय न्हाई. दुसरीला उठता येईना. तिसरीला पानी सोडलं तवा कायतरी गेलं, बाई. पान्यासंगं मोरीकडं गेलं. मला कळलं काय गेलं ते. मोरीला कचरा अडकला हुता. म्या हातानं वाट करून दिली."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. खडीनं फुटलेले हात. मी त्या दिवशी तिथं चार पावलांवर उभी होते, कमरेवर हात ठेवून. नाटकं बंद कर, म्हणाले होते. त्या मोरीवरून मी दोन वर्षं रोज ये-जा करते. जुळवून आणलेल्या वाक्यातला एक शब्द मला आठवेना, आणि या वेळी तो वयाचा दोष नव्हता.

माफी मागणं जमलं नाही. रडायलाही आलं नाही. नुसती थंडी वाजायला लागली, भर उन्हात. चांगुणानं तिच्या डोक्याचं फडकं काढून माझ्या खांद्यावर टाकलं. मला ते सहन होईना.

"परत ये, असं म्हणायला आले व्हते," शेवटी मी म्हटलं.

"न्हाई यायची. त्या मोरीजवळ बसून मला भाकर खाता यायची न्हाई. पर एक करा. ज्यांच्याम्होरं मला धुवाया लावलं त्यांच्याम्होरं सांगा. खाराचं बी आन माझं बी. गोजरमावशी सोडून समद्यांना अजून वाटतंय, म्या बाटवलं." एवढं बोलून ती उठली. दुष्काळी कामावर खायला मिळते ती सुकडी वाटणारा आला होता आणि तिला तिच्या टोळीतल्या बायका रांगेला लावायच्या होत्या.

परतीच्या गाडीत मला कळत होतं की सांगितलं तर काय जाईल. 'सोवळ्यातले' जाईल, त्याच्या मागून नगरचा व्यापारी जाईल, आणि ज्या पाटावर नऊ वर्षं बसले तो पाट जाईल. अशा वर्षात बावीस चुलींचं काय, हाही विचार आला. पण खरं सांगते, बावीस चुलींच्या आड मी माझाच पाट लपवत होते. नगरच्या स्टँडवर उतरून मी एक पोस्टकार्ड घेतलं आणि तिथंच व्यापाऱ्याला लिहिलं की यापुढे पुड्यावर 'सोवळ्यातले' छापू नये, पापड तेच आहेत. पेटीत टाकलं, म्हणजे मागं फिरायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका बसल्यावर मी शेणाच्या पाण्याची बादली आणली आणि स्वतः ओटा धुवायला बसले. लाटणी थांबली. मोरीपर्यंत धूत गेले आणि तिथंच बसून सांगितलं. खार सांगितला. चांगुणाचं पोट सांगितलं. मोरी सांगितली. माझी पाळी जात आली आहे, तीन महिने मी खोटीच बाहेर बसले, आणि तीन दिवसांपूर्वीचं पीठ मी अंगावर जात असताना मळलं, तेही सांगितलं. "आता तुम्हाला मला उठवायचं असंल तर उठवा," म्हटलं.

कुणी थुंकेल, कुणी रडेल असं वाटलं होतं. रंगुबाईनं पदर तोंडाला लावला होता. तीच आधी बोलली.

"बाई, मंग मी बी सांगते. माझी पुनव खोटी हाय."

"म्हंजी?"

"पाळी तवा येतच न्हाई. येते तवा मी कामावर आसते. चार दिस राखून ठिवते. पोराला गोवर निघाला तवा त्येच चार दिस घेतले. गोवर निघाला म्हनून तुमी घरी ऱ्हाऊ दिलं आसतं व्हय?"

"मी भावाच्या साखरपुड्याला गेल्ते," मुक्ताबाई मागून म्हणाली. "कावळा शिवला म्हनून."

मग एकेक बोलायला लागली. सासू पडली, रेशनला मिलो ज्वारी आली, नवरा तालुक्याला नेत होता, नुसतं अंग मोडून आलं होतं. मी एकच कारण मानत होते म्हणून सगळी कारणं त्या एकाच कारणाचं नाव घेऊन माझ्यापुढं येत होती. आणि ज्या दिवशी खरंच पाळी असायची त्या दिवशी माझ्यासमोर बसून पापड लाटायच्या. नऊ वर्षांचे सोवळ्यातले पापड. मी मोजलं. बावीस जणींपैकी तिघींचीच माहिती खरी निघाली, गोजरबाई आणि आणखी दोन म्हाताऱ्या, आणि त्यांना पाळी येतच नव्हती. एकोणीस तारखा मी डोक्यात सांभाळल्या होत्या आणि एकोणीसही खोट्या होत्या. विसावी माझी, तीही खोटी.

मी ओल्या ओट्यावर बसून राहिले. या बायकांना मी ओळखते, असं मी गावभर सांगत असे.

"आज कुनाची हाय?" मी विचारलं.

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग रंगुबाईनं पिठाचे हात वर केले. "माझा दुसरा दिस हाय. कंबर लई दुखतीया."

"लाटायचं असंल तर लाट. बसायचं असंल तर बस. रोज कापायची न्हाई."

तिला ते खरं वाटेना. गोजरबाईकडे पाहिलं, मग हळूच उठली आणि भिंतीला टेकून पाय पसरले. तिच्या पोळपाटावर मी बसले. कित्येक वर्षांत लाटणं हातात धरलं नव्हतं. पहिला पापड पारनेर तालुक्याच्या नकाशासारखा झाला आणि मुक्ताबाई फिसकन हसली. माझ्या तोंडावर हसायची ही त्या ओट्यावरची पहिलीच वेळ असावी.

व्यापाऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही. माल तेवढा नेहमीसारखा उचलला.

आज सकाळी चुलीवर खाराचं पाणी उकळत होतं. मी डबा उघडला, मूठ भरली, आणि हात तिथंच थांबला. घातला होता का? काहीच आठवेना. घाम सुटला. आधीची मी असते तर ठामपणे मूठ टाकून मोकळी झाले असते. मी ओट्याकडे तोंड करून ओरडले, "अगं, खार घातला का मी?"

"घातला!" सगळ्या एकदम ओरडल्या.

मी मूठ परत डब्यात रिकामी केली आणि झाकण लावलं. चांगुणा असती तर तिचा आवाज सगळ्यांत मोठा आला असता. डब्याची किल्ली मी गोजरबाईच्या कमरेला बांधली.